ट्रेलरवरच्या शिडाच्या बोटीला तळाचा रंग निवडताना: माझा अनुभव

बोट जेमतेम तीन आठवडे पाण्यात होती. उतारावर ट्रेलर पाण्यात घातला, दादाने विंच फिरवायला सुरुवात केली आणि तळाखालून करकर असा आवाज आला, काचेच्या चुऱ्यावरून पाय घासल्यासारखा. मी ओरडले, "दादा, थांब!" पण निम्मी बोट तोवर वर आली होती. ट्रेलरच्या कार्पेट गुंडाळलेल्या आधारपट्ट्यांवर, म्हणजे बंकवर, बार्नॅकल, म्हणजे तळाला चिकटून वाढणारे टणक कवचाचे समुद्री जीव, चिरडले जात होते आणि त्यांच्या कडा आमच्या जेलकोटवर, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर, ओरखडे काढत होत्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं बोटीखाली उताणे पडून प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने तळ खरवडत होतो. बार्नॅकल निघतो, पण त्याची बैठक निघत नाही. नखाएवढी पांढरी गोल चकती मागे राहते, सिमेंटने बसवल्यासारखी. अशा शेकडो चकत्या होत्या. त्या सौम्य आम्लाच्या क्लीनरने विरघळवून काढताना ठरलं की पुढच्या हंगामाआधी तळाला असे जीव रोखणारा, म्हणजे अँटिफाउलिंग रंग द्यायचा.

कोणता, ते ठरायला मात्र बरेच महिने गेले. ज्याला विचारावं तो आपल्या बोटीवरचा रंग सांगायचा आणि त्याची बोट आमच्यासारखी वापरली जात नसायची. कुणाची वर्षभर पाण्यात, कुणाची दर आठवड्याला शर्यतीत, कुणाची लाकडी. आमची फायबरग्लासची, सहा मीटरची, वर उचलता येणाऱ्या बिडाच्या कीलची, म्हणजे तळाखालच्या जड पात्याची. ती कधी पाण्यात, कधी अंगणात ट्रेलरवर.

शेवटी मी नोंदवही काढून बसले. मागच्या हंगामात बोट नऊ वेळा पाण्यात उतरली होती. त्यातल्या सात वेळा ती त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वर आली, एकदा पाच दिवसांनी, एकदा तीन आठवड्यांनी. पुढच्या हंगामाचा बेत वेगळा होता: तीन-चार आठवडे पाण्यात, मग महिना-सव्वा महिना घरी, मग पुन्हा तीन-चार आठवडे पाण्यात. हे कागदावर उतरल्यावर पहिल्यांदा प्रश्न नीट मांडता आला. ट्रेलरच्या बोटीला रंग निवडताना सगळ्यात आधी हे आकडे हवेत: सलग किती दिवस ओली, मग सलग किती दिवस कोरडी.

ज्यांची बोट दर वेळी दोन-तीन दिवसांत वर येते, त्यांनी तळाला रंग देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मेण लावा, झालं. रंगामुळे तळ खरबरीत होतो, देखभाल वाढते, आणि एकदा दिलेला रंग पुन्हा पूर्ण उतरवणं हे फार कष्टाचं काम आहे. आमची बोट नुसती मागच्यासारखी वापरायची असती, तर मी डबा उघडला नसता.

एक चूक इथेच सांगून ठेवते, कारण ती करायच्या अगदी बेतात आम्ही होतो. बोटीच्या वरच्या अंगाला देतात तो चकचकीत पॉलियुरेथेन रंग दिसायला सुंदर असतो आणि वाटतं, हाच खालपर्यंत न्यावा. तो सतत पाण्याखाली राहण्यासाठी बनलेलाच नसतो. काही दिवस भिजत राहिला की फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. शिवाय त्यात जीव रोखणारं काहीच नसतं.

आता ते रोखणं कसं घडतं ते. बहुतेक अँटिफाउलिंग रंगांत क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग असतं. ते हळूहळू पाण्यात झिरपतं आणि तळाशी चिकटू पाहणाऱ्या बार्नॅकलच्या अळीला ती जागा नकोशी करतं. बुळबुळीत शेवाळी थर तांब्याला तितकासा दबत नाही, म्हणून बऱ्याच रंगांत झिंक पायरिथिऑनसारखं दुसरं औषधही घातलेलं असतं. बिनतांब्याचे रंगही आहेत. ॲल्युमिनियमच्या बोटींना बहुधा तेच देतात, कारण तांब्याच्या शेजारी खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

रंगांचे मुख्य प्रकार दोन. कडक रंगाचा थर जागच्या जागी राहतो आणि त्यातलं तांबं तेवढं झिरपून जातं. तो घासता येतो, गुळगुळीत करता येतो, आणि ट्रेलरच्या बंकवर टिकतो. दादाचं मन त्याच्यावरच होतं. झिजणारा रंग मात्र साबणाच्या वडीसारखा वरून विरत जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडत राहतो. त्यातल्या सुधारित, स्वतःला घासत जाणाऱ्या कोपॉलिमर रंगांचं झिजणं जास्त एकसारखं असतं. दादा म्हणाला, "झिजणारा रंग ट्रेलरवर? दोन फेऱ्यांत बंक पुसून टाकतील." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण कडक रंगाची अडचण हवेत आहे. बोट बराच काळ कोरडी राहिली की पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्सिडेशन होतं आणि झिरपणं मंदावतं. म्हणूनच अशा डब्यांवर रंग दिल्यावर किती दिवसांत बोट पाण्यात गेली पाहिजे, याची मुदत दिलेली असते. मुदत उलटली तर वरचा थर हलका घासून ताजा करावा लागतो किंवा नवा हात द्यावा लागतो. कोपॉलिमर रंग कोरडा राहिला तरी पुन्हा पाण्यात गेल्यावर झिजू लागतो आणि खालचं ताजं औषध वर येतं.

वाचून पटलं होतं, पण दादाला पटवायचं होतं. बंदरावर बोटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे दोन्ही प्रकारच्या रंगांचे उरलेले डबे होते. मी म्हटलं, "काका, तुमच्याकडचा थोडा थोडा रंग द्याल का?" त्यांनी डबे दिले आणि फायबरग्लासचा एक तुटका तुकडाही दिला. त्यावर तीन पट्टे केले: एक कोरा, एक कडक रंगाचा, एक कोपॉलिमरचा. फळी धक्क्याला मीटरभर खोल टांगली. तीन आठवडे पाण्यात, पाच आठवडे छपरात, पुन्हा तीन आठवडे पाण्यात. आमच्या हंगामाचीच नक्कल.

पहिल्या खेपेला दोन्ही रंग सारखेच स्वच्छ निघाले. कोरा पट्टा बार्नॅकलने भरलेला. दुसऱ्या खेपेला फरक पडला. कडक पट्ट्यावर दाट बुळबुळ होती आणि कडेजवळ चार-पाच बारीक बार्नॅकल मोहरीएवढे. कोपॉलिमरच्या पट्ट्यावर पातळ तपकिरी साय होती. ती अंगठ्याने पुसली तर खालून स्वच्छ रंग आणि अंगठ्यावर निळा डाग. टांगलेली फळी हलत नाही आणि झिजणाऱ्या रंगाला वाहत्या पाण्याची मदत लागते, म्हणजे परीक्षा कोपॉलिमरला जरा कठीणच होती. एका फळीवरून सगळ्या पाण्याचा निवाडा करू नये, पण आमच्या पाण्यापुरतं आम्हाला दिसलं. दादाने अंगठ्यावरचा डाग पाहिला आणि म्हणाला, "ठीक आहे. पण बंकची सोय तू शोध." त्याची सोय पुढे सांगते.

त्याआधी कीलचं. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले. तळ स्वच्छ राहिला, पण जिथे तांबं लोखंडी खिळ्यांना भिडलं होतं तिथे खिळे कुजून गेले. आमचं कील बिडाचं, म्हणजे लोखंडच, आणि रंग तांब्याचा. त्यामुळे कील गंज जाऊन चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलं आणि नवा गंज धरायच्या आत त्याच दिवशी इपॉक्सीचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रेझिनच्या थराचा, पहिला हात दिला. तांब्याच्या रंगाआधी लोखंडावर इपॉक्सीचा अखंड थर हवाच, त्यात टाचणीएवढं भोकही चालत नाही. आउटबोर्ड इंजिनाचा पाय ॲल्युमिनियमचा, त्याला हा रंग लावलाच नाही. मुक्कामाला असताना इंजिन वर उचलून ठेवतो.

औषधाबद्दल माझ्या मनात किंतू होता, अजूनही थोडा आहे. ट्रिब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी घातलेले रंग एके काळी सगळ्यात प्रभावी मानले जात. त्याने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांचे शिंपले जाड आणि वेडेवाकडे होऊ लागले, उत्पादन कोसळलं, आणि फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर तो बंद केला. जगभरच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. तांबं टीबीटीइतकं घातक नाही, पण निरुपद्रवीही नाही, आणि काही ठिकाणी त्याच्यावरही मर्यादा आहेत. म्हणून डबा घेण्याआधी आपल्या पाण्यात काय चालतं ते विचारावं आणि तांब्याचं प्रमाण जास्त म्हणजे रंग चांगला असं धरून चालू नये.

तयारीला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा. आमच्या तळाला आधीचा रंग नव्हता, हे भाग्य. जुना रंग असेल तर ओल्या फडक्याने चोळून पाहावं. फडक्यावर रंग उतरला तर तो बहुधा झिजणारा. झिजणाऱ्यावर कडक रंग कधी देऊ नये, कारण खालचा पायाच सुटतो. उलट चालतं, कडक थर घट्ट बसलेला असेल तर. आणि जुना रंग कोरडा घासू नये. ती धूळ विषारी असते. ओला घासावा, खाली ताडपत्री आणि तोंडावर चांगला मास्क हवा.

कोऱ्या जेलकोटवर साच्यातून आलेलं मेण असतं, वर आमचं पॉलिशचं मेण. आधी ते काढायचं, मगच घासायचं. उलट केलं तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंग धरत नाही. एका फडक्याने सॉल्व्हंट लावायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसायचं, फडकी सतत बदलायची. मग पाणी मारून बघायचं. थेंब वळले तर मेण शिल्लक आहे, पाणी सलग पसरलं तर निघालं. आमचे थेंब दोनदा वळले, तिसऱ्यांदा पाणी पसरलं. त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा तळ मंद होईपर्यंत घासला.

त्यावर इपॉक्सीचे पाच हात, मिळून साधारण २५० मायक्रॉन. जेलकोटमधून हळूहळू पाणी आत शिरून फोड येतात, ते अडवण्यासाठी हा थर. एक हात राखाडी, एक पांढरा असे आलटून पालटून दिले, म्हणजे कुठे सुटलं ते लगेच दिसतं. शेवटच्या हातावर दर थोड्या वेळाने अंगठा टेकवून बघत होतो. अंगठ्याचा ठसा उमटतोय पण बोटाला काही लागत नाही, अशी वेळ आली की लगेच अँटिफाउलिंगचा पहिला हात. ती वेळ साधली की दोन्ही थर एकमेकांना घट्ट धरतात. चुकली तर सगळं पुन्हा घासायचं.

रंग किती लागेल याचा ढोबळ हिशोब असा: रुंदी आणि डुबाव (बोट पाण्यात किती खोल बसते ते) यांची बेरीज करायची, तिला पाण्यातल्या लांबीने गुणायचं, आणि आलेल्याच्या पाऊण पट धरायचं. आमची पाण्यातली लांबी ५.५ मीटर, रुंदी २.३ आणि कील वर असताना डुबाव ०.३, म्हणजे जवळपास ११ चौरस मीटर. तीन हातांचे ३३. लिटरमागे किती चौरस मीटर ते डब्यावर असतंच. कीलला वेगळा धरावा.

डबा उघडला तर तांबं तळाशी चिखलासारखं बसलेलं. ड्रिलला ढवळणी लावून दहा मिनिटं ढवळलं, मधेही ढवळत राहिलो. नाहीतर पहिल्या हाताला नुसतं पाणचट वरचं जातं आणि औषध डब्यातच राहतं. पहिला हात मुद्दाम लाल दिला, वरचे दोन निळे. लाल डोकावला की तिथला रंग संपत आला असं समजायचं. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूच्या पुढच्या धारेला एकेक हात जास्त, कारण पाणी तिथेच जास्त घासतं. वरची हद्द प्रत्यक्ष पाणरेषेपेक्षा दोन बोटं उंच ठेवली.

आणि बंक. बोट ट्रेलरवर असताना बंकखालची जागा रंगवताच येत नाही, म्हणून ती उचलून भक्कम ठोकळ्यांवर घेतली. काका स्वतः येऊन उभे राहिले. नुसत्या जॅकवर तोललेल्या बोटीखाली कुणी जायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. तळाच्या ज्या दोन पट्ट्या बंकवर टेकतात, त्यांवर आणखी दोन हात दिले. जुनं कार्पेट काढून गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या. शिवाय ट्रेलर आता जरा खोल नेतो, बोट जवळपास तरंगतच जागेवर येते आणि विंचला थोडंच ओढावं लागतं.

हंगाम संपला तेव्हा दादाने विंच फिरवली आणि मी खाली कान देऊन उभी होते. करकर नाही. तळावर पातळ साय, पाण्याच्या फवाऱ्याने निघाली. बार्नॅकल सापडले ते कीलच्या खाचेत सात-आठ, जिथे आमचा ब्रश पोचला नव्हता. नाळेच्या कडेला हातभर लाल दिसतोय आणि बंकच्या जागी दोन लांब लाल रेघा, उजवी डावीपेक्षा रुंद. म्हणजे बोट ट्रेलरवर थोडी उजवीकडे कलून बसते. आधी ते बंक सारखे करून घेणार आहोत. डब्यात लिटरभर निळा उरलाय, तो त्या रेघांना आणि नाळेला पुरेल.