बोटं गारठली की ट्रिगर सापडत नाही

आज लीड्सबाहेरच्या रानात एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुकांनी खेळायची लुटुपुटीची लढाई. तापमान २ अंश, वर ती इथली चिवट भुरभुर. अशा दिवशी बंदुकीपेक्षा हातमोज्यांचीच चर्चा जास्त होते, आणि व्हायलाच हवी.

नवीनच आलेला एक मराठी पोरगा स्कीइंगचे जाडजूड हातमोजे घालून आला होता. ऊब भरपूर, पण ट्रिगरच्या कडीत बोटच शिरेना! शिरलं की नको तेव्हा ट्रिगर दाबला जायचा. मॅगझिन, म्हणजे छर्‍यांची पेटी, बदलताना तर बिचारा मोजा दातांनी ओढायला गेला. तोंडावर मास्क, दात आणणार कुठून?

माझं मत पक्कं आहे. एक जाड नको, दोन पातळ हवेत. आत मेरिनो लोकरीचा, वर पेरांवर रबरी कवच असलेला जरा सैलसर. घट्ट मोज्यात ना हवा राहते, ना रक्त नीट फिरतं; बोटं उलट जास्त गारठतात. आतला सुती मात्र नकोच, भिजला की संपला. बोटं उघडी ठेवणारे मोजे फोटोत झकास दिसतात, पण ६ मिलिमीटरचा छर्रा गारठलेल्या नखावर बसला की... ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक एअरसॉफ्ट बंदुकीच्या छर्‍याच्या ऊर्जेला १.३ ज्यूलची कायदेशीर मर्यादा आहे, तरी तोंडून अस्सल मराठीच निघतं!

थंडीत छर्रा उडवणाऱ्या गॅसचा दाबही पडतो, म्हणून पिस्तुलाची गॅस भरलेली मॅगझिन मी आतल्या खिशात ठेवतो. तिथेच मोज्यांची सुकी जोडीही असते. दुपारी तीच त्या पोराला दिली. "दादा, भारी आहेत हो," म्हणाला आणि घालूनच घरी गेला.