राक्षसाला आधी भरतीचं वेळापत्रक द्या

राक्षसाची गोष्ट लिहायला बसलं की बहुतेकांचा पहिला तास दात, नखं आणि डोळ्यांचा रंग ठरवण्यात जातो. तो तास वाया जातो. आधी तीन गोष्टी ठरवा: त्याला काय हवंय, तो कुठवर पोचतो आणि कुठे पोचू शकत नाही. एकचक्रा नगरीतला बकासुर लक्षात राहतो तो त्याच्या रूपामुळे नाही. गाडाभर अन्न, गाडा ओढणारे रेडे, एक माणूस आणि दर घराची पाळी, असा तो ठराव होता. आज पाळी कुणाची, एवढं विचारलं की गोष्ट चालायला लागते.

नवी मुंबईत असा ठराव शोधायला लांब जावं लागत नाही. शहराचा बराच भाग भराव घालून, पण भरतीच्या पातळीच्या खालीच वसवलाय, म्हणून वाशी-बेलापूरकडे सिडकोने धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरून बिजागरीला टांगलेल्या झडपा असतात. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली आणि आतली पातळी वर राहिली की झडप बाहेर ढकलली जाऊन तलाव रिकामा होतो. गाळ साचला किंवा झडपेत प्लॅस्टिक, लाकडाचा ओंडका अडकला की फट राहते. राक्षस इथूनच आत येणार. तो लहान असताना आत आला, तलावात वाढला आणि आता त्या फटीतून बाहेर जाता येत नाही. त्याला माणसं खायची हौस नाही, त्याला खाडीत परत जायचंय. दुष्टपणापेक्षा ही गरज लिहायला कितीतरी सोपी, कारण त्याच्या प्रत्येक हालचालीला दिशा मिळते.

आता त्याची इंद्रियं. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? त्याला थरथर कळते असं धरा. पाऊल, सायकल, दगड पडणं, सगळं त्याच्यापर्यंत पोचतं. स्थिर उभा माणूस मात्र त्याच्या लेखी नसतोच. या एका नियमातून अर्धं कथानक निघतं. तलावाकाठचा उपसा पंप चालू असेपर्यंत तो बहिरा असतो आणि वीज गेली, पंप थांबला की त्याला ऐकू यायला लागतं. आजच्या भयकथांची नेहमीची अडचण, म्हणजे ‘मग फोन का नाही केला?’, तीही इथेच सुटते. रेंज घालवायची गरज नाही. फोन व्हायब्रेटवर आहे, एवढं पुरे.

वेळेत मात्र भले भले घसरतात. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, खाडीच्या आत आणखी थोडी उशिरा. पुढची ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे ‘पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटीने उघडा पडलेला चिखल’ लिहिलात, तर कोळीवाड्यातला वाचक तिथेच हसून पान उलटेल. मध्यरात्री चिखल हवा असेल तर अष्टमी घ्या. मध्यरात्री पाणी काठोकाठ हवं असेल तर अमावास्या, वर काळोख फुकट. तसंच फ्लेमिंगोंचं. थवे साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत असतात. भर जुलैत तुंबलेला तलाव आणि गुलाबी थवा एकाच प्रसंगात आणू नका.

चार हजार शब्दांची कथा धरू. पहिल्या तीनशे शब्दांत काहीतरी बिघडलेलं दिसलं पाहिजे, पण राक्षस नाही. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यातला गाडीच्या रुंदीचा एक पट्टा आडवा झालाय, एवढंच. कुजलेल्या अंड्यासारखा वास लिहून घाबरवू नका, तो खाडीला एरवीही येतो. उलट चिखलातले निवट्या मासे आणि खेकडे एका कडेला अजिबात दिसत नाहीत, हे जास्त टोचतं. हजार शब्दांच्या आत नियम वाचकाला दिसावा, पण कुणी समजावून सांगू नये: एक कुत्रा पळतो आणि जिवाला मुकतो, दुसरा झोपलेला असतो आणि वाचतो. इथे म्हाताऱ्या कोळणीच्या तोंडून गिऱ्ह्याची, म्हणजे पाण्यातल्या भुताची, दंतकथा ऐकवायचा मोह होतो. ती टाळाच. तिने फक्त म्हणावं की त्या अंगाला आम्ही जाळं टाकत नाही, आणि मासळीचा भाव सांगावा.

पूर्ण रूप अडीच हजार शब्दांच्या अलीकडे दाखवू नका आणि तेव्हाही मोजमापाने दाखवा. ‘अक्राळविक्राळ’, ‘महाभयंकर’ हे शब्द वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं करत नाहीत. पंपघराच्या खिडकीतून जाताना त्याची पाठ संपायला किती वेळ लागला, ते लिहा. रात्रपाळीचा कंत्राटी ऑपरेटर श्वास रोखून उभा आहे, तो मनात आकडे मोजतोय, वाचकही मोजेल.

सगळ्यात जास्त कथा शेवटाकडे फसतात, कारण लेखक घाबरून नवीन नियम काढतो: अचानक त्याला आग सहन होत नाही, अचानक मंत्र सापडतो. आपल्याकडे आहे तेच वापरायचं. त्याला सोडायचं तर झडप तोडावी लागेल. अमावास्या धरली तर ती ओहोटीला, सकाळी सहा-साडेसहाला तुटेल. उधाणाची भरती दुपारी बाराच्या पुढे उघड्या तोंडातून तळमजल्यांत शिरेल. मध्ये सहा तास. ऑपरेटरने सोसायट्यांना काय सांगायचं? राक्षसाचं नाव घेतलं तर कुणी हलणार नाही, खोटं सांगितलं तर नोकरी जाईल. चरमबिंदू भर दिवसा येतोय म्हणून बिचकू नका, लोक जिन्याने गाद्या वर नेत असताना भीती रात्रीपेक्षा कमी नसते. फक्त त्या प्रसंगात राक्षस एकदाच येऊ द्या, जाताना.

त्यानंतर चारशे शब्दांत आटपा. पहिला खर्डा झाला की दोन दिवस ठेवून मोठ्याने वाचा. ‘अचानक’ आणि ‘तेवढ्यात’ शोधून निम्मे उडवा. प्रत्येक प्रसंगाच्या समासात भरतीची वेळ लिहा, जिथे जुळत नाही तिथे प्रसंग हलवा, पाणी नव्हे. आणि शेवटच्या ओळीत तलावात पुन्हा बुडबुडे आणलेत तर ती ओळ खोडा. त्याजागी नवी झडप बसवायला आलेला फिटर तोंड किती रुंद ठेवायचं विचारतोय, एवढा संवाद पुरेल.