काळी शौच आणि अंगदुखीच्या गोळ्या
ऊसतोडीच्या हंगामात आमच्या मेडिकलमध्ये अंगदुखीच्या गोळ्या सर्वांत जास्त खपतात. परवा एक मामा डायक्लोफिनॅक या पेनकिलरची रिकामी स्ट्रिप घेऊन आले, वर ॲसिडिटीचं पातळ औषधही मागितलं. मी विचारलं, "मामा, परसाकडं कसं होतंय?"

"काळंकुट्ट. डांबरागत चिकट, वास लई घाण."

गोळ्या दिल्याच नाहीत. त्यांच्या मुलाला बोलावून त्यांना तसंच तालुक्याच्या दवाखान्यात धाडलं.

डॉक्टर अशा काळ्या शौचेला मेलिना म्हणतात. जठरात किंवा ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीलाच, अल्सरमधून, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या जखमेतून, रक्त झिरपतं आणि खाली येईपर्यंत काळं पडतं. लाल दिसत नाही म्हणून कुणी घाबरत नाही, याची मला फार काळजी वाटते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण सहसा अशी चिकट, उग्र वासाची नसते.)

अशा अल्सरचं एक मोठं कारण या अंगदुखीच्या गोळ्या, आणि दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. त्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं.

जेवून घेतली की अंगदुखीची गोळी बाधत नाही, असं बरेच जण समजतात. पण ती रक्तात मिसळूनही जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर पेनकिलर मागण्याआधी काउंटरवर तेवढं नक्की सांगा.