नगरसेवकांचं मानधन कसं वाढतं?

नगरसेवकाला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. म्हणून त्याला वेतन आयोग नाही की दर सहा महिन्यांनी वाढणारा महागाई भत्ताही नाही. सभागृहाने नुसता ठराव केला म्हणून ते वाढत नाही, राज्य सरकारची मंजुरी लागते. 2017 साली सरकारने ते महापालिकांच्या वर्गवारीनुसार, म्हणजे मोठ्या शहराला वरचा वर्ग, असं ठरवलं: मुंबईला महिन्याला 10 हजारांवरून 25 हजार, पुणे-नागपूरला 20 हजार.

बोजा सरकारच्या नव्हे, पालिकेच्या तिजोरीवर. मुंबईच्या 227 निवडून आलेल्या सदस्यांसाठी ती 15 हजारांची वाढ वर्षाला 4 कोटी 8 लाख 60 हजारांची. आधी अंदाजपत्रकात तरतूद हवी, नाहीतर मंजुरी हातात असूनही लेखा विभागात बिल अडकतं. वर्गवारीचा निकष मला मात्र अर्धवट वाटतो. प्रभाग छोट्या शहरातही पायीच फिरावा लागतो.