वेळासची वाळू

शनिवार, रात्र

बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. बाणकोट मागे टाकलं की लगेच वेळास. उतरलोय गावातल्याच एका घरी. काकूंनी उकडीचे मोदक आणि सोलकढी केली होती. लेक पहिल्यांदाच न सांगता तीन मोदक खाऊन उठली.

उन्हं कलल्यावर सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात ओळीने समुद्री कासवांची घरटी आणि प्रत्येकाशेजारी पाटी: अंडी सापडली ती तारीख, किती सापडली तो आकडा. एकीवर ११८ लिहिलं होतं. घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्राने घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या एकेक करून उचलल्या. सगळीकडे वाळू तशीच सपाट.

"आज नाय, ताई. सकाळी बघू."

मंडळी पांगली. आम्ही दोघी मात्र थांबलो, आणि थांबलो ते बरंच झालं. तो सांगत होता, त्याचे आजोबा कासवाची अंडी काढायचे. खायची, उरली तर विकायची. रात्री मादी वर आली की तिच्या पायांचा माग वाळूत उठतो, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. त्या मागावर जायचं आणि काठी खुपसत राहायचं. जिथे ती सहज आत जाते, तिथे खाली अंडी. त्यांनी नातवाला हेच शिकवलं. आता नातू पहाटे अंधारात तसाच माग काढत हिंडतो, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी पोचतो आणि अंडी जपून इथे आणून तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतो. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे काम सुरू केलं. पण वाळू वाचायची विद्या गावात आधीपासूनच होती, हे मला आज कळलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

रविवार

सकाळी सातला पुन्हा तिथेच. तिसरी टोपली उचलली तर वाळू मध्येच खचलेली. मग त्यातून एक काळपट पाय हलला. तो दिसला आणि माझ्या घशाशी आवंढा आला. बघता बघता एकतीस पिल्लं निघाली. ओल्या खड्यासारखा रंग, माझ्या तळहातावर दोन सहज मावली असती.

त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. दोरीच्या आत, लाटेपासून काही अंतरावर ठेवतात आणि पुढचं त्यांचं त्यांनी चालायचं. मोठी झालेली मादी अंडी घालायला साधारण याच भागात परतते, आणि त्या ओळखीत या चालण्याचाही वाटा असावा, असं मानतात. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या ठशात अडकलं. कडेवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. चौथ्या खेपेला ते वर आलं. पहिल्या लाटेने त्याला उलट मागे ढकललं, दुसऱ्या लाटेत ते दिसेनासं झालं.

हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून तिला सोडलं होतं, 'प्रथमा' नाव ठेवून. तीही कधीतरी अशीच कुठल्यातरी वाळूतून धडपडत गेली असणार.

दुपारी बाणकोटच्या किल्ल्यावर चढलो. वरून खाडीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर लख्ख दिसतं. ऊन फार होतं, लवकर उतरलो.

निघताना लेकीने वही दाखवली. शेवटच्या ओळीतल्या पाट्या तिने उतरवून घेतल्यात. एका घरट्याची तारीख २ मार्च. अंडी फुटायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणजे एकवीस एप्रिलच्या आसपास. "तोवर परीक्षा संपलेली असते, आई." गाडी वळवली, काकूंच्या अंगणात पुन्हा उतरले आणि एप्रिलसाठी खोली सांगून ठेवली.