अप्पांचा डबा

ऑपरेशन साडेसात तास चाललं. सिस्टरनी माझ्या हातात प्लास्टिकचा मोठा डबा दिला. वर अप्पांचं नाव, वय ६४. "हा लॅबमध्ये पोचवा, पावती आणा." आत फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा आणि जठराचं खालचं टोक. रिक्षात तो मांडीवर धरून बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "पेशंटचं जेवण का ताई?" मी हो म्हटलं.

त्याआधी तीन आठवडे आम्हीच वाया घालवले होते. अप्पांना कावीळ झाली, पण ना पोटात दुखणं, ना ताप. खाज मात्र इतकी, की रात्री उलथन्यानं पाठ खाजवायचे. शी पांढरट, लघवी काळ्या चहासारखी. गावात काविळीचं औषध देतात, ते दर रविवारी प्यायले. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, १६ वर गेलं तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. न दुखता वाढणाऱ्या काविळीत पित्ताची नळी दाबली गेलेली असू शकते, हे मला तेव्हा कळलं. मग एंडोस्कोपी, पित्ताला वाट करून देणारा स्टेंट, सीटी आणि व्हिपल, म्हणजे हे सगळे भाग काढणारं ते ऑपरेशन.

गाठ निघाली, सुटलो, असं आम्हाला वाटलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, चार ओळींचा. 'पेरिअँप्युलरी अॅडिनोकार्सिनोमा. ५ लसिका ग्रंथी तपासल्या, सर्व निरोगी.' मी 'निरोगी' एवढंच वाचलं आणि आत्याला फोन लावला.

सर्जनना तो कागद आवडला नाही. पाठकोऱ्या केसपेपरवर त्यांनी चित्र काढलं. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जिथे उघडतात ते तोंड म्हणजे अँप्युला. 'पेरिअँप्युलरी' म्हणजे त्याच्या आसपासचा, आणि अॅडिनोकार्सिनोमा हा कॅन्सरचा एक प्रकार. त्या दोन बोटांच्या जागेत कॅन्सर चार ठिकाणांहून सुरू होऊ शकतो : स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनलिका, आतडं किंवा खुद्द अँप्युला. चौघांची कावीळ सारखी, ऑपरेशन तेच, पण पुढचं आयुष्य वेगळं. स्वादुपिंडाच्या डोक्यातला असेल तर ऑपरेशन नीट होऊनही पाच वर्षं गाठणारा साधारण पाचांतला एक. अँप्युलाच्या गाठीत हे प्रमाण बरंच चांगलं.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. खाटेवरूनच म्हणाले, "म्हणजे गाडी कुठून सुटली, ते बोर्डावर लिहिलेलंच नाही."

कापून काढलेल्या भागाच्या कडांबद्दलही रिपोर्टात अक्षर नव्हतं. मोठ्या रक्तवाहिनीला लागून असलेल्या मागच्या कडेला शाई लावून गाठ तिथवर पोचली का ते पाहतात. आणि लसिका ग्रंथी, जिथे कॅन्सर पसरू शकतो? निदान १२ तरी तपासायला हव्यात. पाचच पाहून सगळं ठीक म्हणणं म्हणजे गाडीतल्या पाच जणांची तिकिटं बघून उतरणं. हा दाखलाही अप्पांचाच.

डबा लॅबमध्ये अजून ठेवलेला होता, हे नशीब. सर्जननी फोन केला, मी पुन्हा जाऊन अर्ज दिला. तिथे थोडी कुरबूर झाली, पण नमुना परत कापला गेला. मग ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले नमुन्याचे तुकडे, आणि काचपट्ट्या घेऊन मी परळला टाटा हॉस्पिटलात दुसऱ्या मतासाठी गेले. रांग, फाईल, पुन्हा रांग.

नवा रिपोर्ट दीड पान. उगम अँप्युला, पेशींचा प्रकार आतड्यासारखा. पित्त-स्वादुपिंडासारख्या प्रकारापेक्षा हा बरा समजतात. सर्व कडा मोकळ्या. पण ग्रंथी आता १५ मिळाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत कॅन्सर होता. म्हणजे एका ओळीनं दिलं, दुसरीनं काढून घेतलं. त्या एका ग्रंथीमुळे सहा महिने केमो ठरली. पहिल्या रिपोर्टावर थांबलो असतो तर ती बहुधा झालीच नसती, याचा राग मला अजून येतो.

अप्पांनी एकदाच विचारलं, "किती?" डॉक्टरांनी आकडा दिला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला या म्हणाले. आता जेवताना पाचक रसाची कॅप्सूल लागते, शेंगदाण्याची चटणी कमी झाली आहे. वजन ११ किलोंनी उतरलं होतं, त्यातलं ४ परत आलं.

ब्लॉक परत देताना खिडकीतल्या माणसानं बजावलं होतं, मेण आहे, उन्हात ठेवू नका. आता ते पॉलिसीच्या कागदांशेजारी कपाटात आहेत. मे महिन्यात अप्पांनी दोनदा कपाट उघडून पाहिलं. म्हणाले, "वितळलो नाही अजून."