तुम्ही विचारलंत म्हणून: भारी शूटर कशाला म्हणायचं?

ऐरोलीला ऑफिसात, सोसायटीत, भाच्याच्या मित्रांमध्ये, कुठेही कळलं की ही शूटर, म्हणजे गोळीबाराचे व्हिडिओ गेम, खेळते, की पुढचा प्रश्न ठरलेला, ताई सगळ्यात भारी शूटर कुठला आणि का? "कुठला" यावर भांडणं होतात, होऊ देत. "का" बद्दल मात्र माझं मत पक्कं आहे.

ग्राफिक्स नाही, गनची संख्या नाही, स्किन, म्हणजे गनवरची रंगरंगोटी, तर नाहीच नाही. गोळी सुटायच्या आधी गेम तुम्हाला काय काय ठरवायला लावतो, त्यावर सगळं आहे.

काउंटर-स्ट्राइक घ्या. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी 1999 ला हाफ-लाइफ या शूटरचा मॉड म्हणून, म्हणजे त्याच गेममध्ये बदल करून, काढला, आणि नंतर नौपाड्यातल्या सायबर कॅफेत आम्ही त्याचं 1.6 व्हर्जन लॅनवर, म्हणजे कॅफेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, खेळायचो. पाच विरुद्ध पाच, समोरचे ए किंवा बी यांपैकी एका जागी बॉम्ब लावायला येतात, तुम्ही राखायचं. डस्ट 2 नावाचा मॅप, बी साइटला तुम्ही एकटे, समोर टनेलचं तोंड. आत कोणीतरी धावतंय, पाय वाजतायत, आणि एकदम शांत. आता काय समजायचं? तो शिफ्ट दाबून हळू येतोय, की थांबलाय, की तुम्हाला इथे अडकवायला एकाने मुद्दाम पाय वाजवले आणि बाकीचे चौघं ए लाँगला, म्हणजे ए कडच्या लांब वाटेला, पोचले पण? टीमला इकडे बोलावलं आणि ते खोटं निघालं तर ए मोकळं, नाही बोलावलं आणि पाचही जण बाहेर आले तर तुम्ही गेलात. अजून एकही गोळी सुटलेली नाही आणि माऊसवरचा हात घामाने ओला.

त्यात पैसे, कारण हत्यारं गेममधल्या पैशांनी विकत घ्यायची. पहिल्या राउंडला हातात फक्त 800 डॉलर, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल 4750 ला, ती घेऊन मेलात तर समोरचा उचलून तुमच्यावरच चालवणार. म्हणून हरल्यावर पाचही जणांनी मिळून ठरवायचं की आत्ता पिस्तुलावर भागवून पैसे वाचवू, म्हणजे इको करू, पुढच्या राउंडला सगळे रायफल घेऊ, आणि त्यात एकाने ऐकलं नाही की झालं, टीम कंगाल.

यावर माझा एक मित्र नेहमी म्हणतो, मग 2016 चा डूम? तिथे विचार करायला वेळच कुठे असतो? अरे पण तिथे तर दर सेकंदाला ठरवायचं असतं! बाकी गेममध्ये हेल्थ कमी झाली की आपण आडोशाला जाऊन बसतो, डूममध्ये राक्षसाला अर्धमेला करून जवळ जाऊन हाताने संपवला की त्याच्यातून हेल्थ सांडते आणि चेनसॉने कापला की गोळ्या, म्हणजे जीव वाचवायचा तर पळायचं नाही, गर्दीतच घुसायचं, आणि रिलोडचं, म्हणजे बंदूक परत भरायचं, बटणच ठेवलेलं नाही. लपण्यात फायदा नाही हे गेमने कुठेही लेक्चर न देता शिकवलं, मला तर हे डिझाइन जबरदस्त वाटतं. हॅलोने 2001 ला हेच वेगळ्या वाटेने केलं, एका वेळी दोनच हत्यारं जवळ ठेवता येतात, तिसरं आवडलं तर एक टाका.

बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला मोबाईल गेम, तो खेळणाऱ्यांना लोक नाक मुरडतात ते मला अजिबात पटत नाही. विमानातून कुठे उडी मारायची, झोन, म्हणजे जिवंत राहता येतं ते वर्तुळ, आकसत आला की कडेकडेने जायचं की मधल्या घरात आधीच जाऊन बसायचं, हे ठरवणं खरंच आहे, मोबाईल आहे म्हणून हलकं नाही होत.

मला राग येतो तो दुसऱ्याच प्रकाराचा. एक सोबती पुढे धावतो, त्याच्या डोक्यावर "फॉलो" लिहिलेलं, तो दार उघडेपर्यंत तुम्ही मागे उभे, मग समोरचे शत्रू एकेक करून टिपायचे की पुढचं दार. कितीही खर्च केलेला असू दे, त्याला मी भारी म्हणणार नाही. 1998 च्या हाफ-लाइफमधले सैनिक बघा, तुम्ही खोक्यामागे जास्त वेळ बसलात तर ग्रेनेड टाकून बाहेर काढतात.

लॅपटॉप जुना असेल तर तोच हाफ-लाइफ लावा, आरामात चालतो. काउंटर-स्ट्राइक खेळणार असाल तर आधी हेडफोन घ्या, महागडा माऊस नंतर.